म्होरे काय

“आते चालस, ते समजनं,” आबा म्हणाले. “म्होरे काय?”

काउंटरच्या काचेवर दोन मदरबोर्ड ठेवलेले होते आणि आबा त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्राकडे पाहावं तसे पाहत होते. म्होरे म्हणजे पुढे. अहिराणीत हा साधा शब्द आहे, पण आबांच्या तोंडी तो कायम प्रश्न होऊन यायचा.

दुकानदार निकुंजभाई हसला. “काका, आगे का आगे देखेंगे. दीदीनुं काम आजे चालवुं जोईए ने?”

“आगे का अभी देखो, भाई. आगे पहुँचके देखेंगे, तो देखने को क्या बचेगा?”

मी साड्यांच्या डिजिटल प्रिंटची डिझाइनं करते. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. एका साडीची फाइल उघडायची म्हटली तरी जुना कॉम्प्युटर चहा होऊन येईपर्यंत विचार करत बसे. नवा घ्यायचं आबांनी, माझ्या वडिलांनी, स्वतःहून काढलं. त्या रविवारी सुट्टी होती, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले होते. कतारगामच्या एका खात्यात ते फोरमन होते. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. छत्तीस वर्षं सुरतेत, सगळी लूमच्या आवाजात. त्यामुळे दुकानातही ते मोठ्यानेच बोलत.

निवड सोपी होती, आणि म्हणूनच अवघड. एक बोर्ड जुन्या सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचा, एएम फोर. त्याच्यावर आठ कोअरचा प्रोसेसर स्वस्तात मिळत होता आणि माझं आजचं काम त्यावर धावलं असतं. पण त्या सॉकेटचा रस्ता तिथेच संपत होता. पुढे काही मोठं हवं झालं की बोर्ड बदला, रॅम बदला, सगळंच बदला. दुसरा नव्या सॉकेटचा, एएम फाइव्ह. तेवढ्याच खर्चात त्यावर सहा कोअरचा प्रोसेसर बसणार होता, आज जरा हळू. मात्र तीनचार वर्षांनी त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवता आला असता.

“आबा, जुनंच लेसुत,” मी म्हटलं. “मनं काम भागी जाई.”

“तुनं काम आठेच थांबनार शे का?”

मी काचेवरचा जुना बोर्ड माझ्याकडे ओढला.

दहा दिवसांपूर्वी मला बेंगलुरूच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. होकार मी कळवून टाकला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं होतं. कॉम्प्युटर तेच देणार होते. घरी सांगायचं राहिलं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग आबा खात्यावर जायचे, आई देवपूजेला बसायची, आणि सांगणं दुसऱ्या दिवसावर जायचं. ‘कॉम्प्युटर घेऊ नका’ म्हणायचं तर ‘का’ हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी निदान लहान, लवकर संपणारी वस्तू मागत होते.

“दोनों का नीचे का बाजू दिखाओ,” आबा निकुंजभाईला म्हणाले.

निकुंजभाईने दोन्ही प्रोसेसर उलटे करून दाखवले. जुन्याच्या पोटाला केसांसारख्या बारीक पिना होत्या. नव्याचं पोट सपाट, पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये. आबांनी खिशातून चष्मा काढला आणि बराच वेळ पाहिलं.

“हाई चुकेल शे,” ते नव्या बोर्डकडे बोट करून मला म्हणाले. “नाजूक भाग बदलाना पुर्जाले पायजे, सांगाडाले नई. पिन वाकनी ते आखा सांगाडा गया.”

क्षणभर मला वाटलं, सुटले. छत्तीस वर्षांच्या फोरमनला एएम फाइव्ह नापास झाला होता.

“म्हणूनच म्हणते, जुनं लेसुत,” मी घाईने म्हटलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. घाई त्यांच्या ध्यानात आली का, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी चष्मा काढून निकुंजभाईला विचारलं, “इस पुराने में तीन साल बाद नया पुर्जा बैठेगा?”

“ना, काका. आमां हवे आगळ कंई नथी.”

“और इसमें?”

“बैठेगा. बायोस अपडेट करना पड़ेगा बस. बोर्ड को नया प्रोसेसर पहचानना सिखाना पड़ता है.”

“मतलब बदन वही, अक्कल नयी.”

“एकदम बराबर!”

“हमारे सेठ में ये सुविधा नहीं थी,” आबा म्हणाले, आणि मग त्यांनी शेठची गोष्ट सांगितली. ती मी शंभरदा ऐकली होती. शेठने नवं खातं बांधलं तेव्हा आबा म्हणाले होते, छत दोन फूट वर घ्या. शेठ म्हणाला, ऊपर क्या कबूतर पालेगा? चार वर्षांनी बाजारात नक्षीच्या साडीला मागणी आली. नक्षी काढणारं जेकार्ड लूमच्या डोक्यावर बसतं, त्याला उंची लागते. लूम चांगल्या होत्या, कारागीर चांगले होते, छत बुटकं होतं. बारा लूम भंगारात गेल्या.

“दो फुट,” आबा म्हणाले. “मशीन खराब होने से नहीं जाती, भाई. ऊपर जगह नहीं होती, इसलिए जाती है.”

निकुंजभाईने नव्या सॉकेटचा बोर्ड पुढे सरकवला. “तो आ फाइनल?”

“फाइनल. पन पिन जपीसन बसाडा.” हे त्याला अहिराणीतच सांगितलं आणि ते त्याला कळलंही. मग आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू डिझाइन मोठी काढस. यंत्र मना हातनं ले.”

सगळं जोडून, तपासून द्यायला दोन दिवस लागणार होते.

परतताना पर्वत पाटियाच्या नाक्यावर आबांनी स्कूटर थांबवायला लावली. चहाच्या गाड्याशी उभं राहून ते समोरच्या इमारतींच्या गच्च्या दाखवू लागले. आमच्याकडे बहुतेक घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या सोडलेल्या असतात, कधीतरी वरचा मजला चढेल म्हणून. आमच्या घराच्याही आहेत.

“आवंदा दिवाळी पावत वर एक खोली काढसुत,” आबा म्हणाले. “तुना काम साठे. उजेड चांगला येस वर. जावई बी सुरतनाच दखसुत, मंग बठ्ठं आठेच, घर बी, काम बी.”

“जावयाले इचारं का?” मी म्हटलं.

“त्याले काय इचारनं? त्याले बी अपडेट करसुत.”

ते स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले. सांगायचं असतं तर ती वेळ होती. ट्रकांचा आवाज होता, हातात चहा होता, ते खुशीत होते. मी म्हटलं, “आबा, एक सांगू का?” ते म्हणाले, “सांग.” मी म्हटलं, “चहामा साखर जास्ती शे.” “मंग आर्धा माले दे,” असं म्हणून त्यांनी माझा कप घेतला.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला खात्यावर गेले. अकराच्या सुमारास एका लूमचा आवाज बदललाय म्हणून त्यांना बोलावलं. ते आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. बिघाड शोधताना ते असेच बसायचे, डोळे मिटून. इतक्या आवाजातून एका लूमचा आवाज वेगळा काढायचा तर डोळे मिटावेच लागतात, असं ते म्हणत. खात्यात सगळ्यांना ही सवय ठाऊक होती. मास्तर, म्हणजे आबा, ऐकत असताना त्यांना हाक मारायची नाही, असा तिथला शिरस्ता होता. म्हणून कोणी हाक मारली नाही. कारागीर त्यांच्या बाजूने ये-जा करत राहिले. वीसेक मिनिटांनी कोणीतरी चहा ठेवायला वाकलं, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचले असते का, ते सांगता आलं नसतं. हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

बेंगलुरूला मी कळवलं. त्यांनी पंधरा दिवस वाढवून दिले. मेलमध्ये ‘वडिलांचं निधन’ असं लिहिलं, तेव्हा ते शब्द मी पहिल्यांदा लिहिले, आणि तेही घरातल्या कुणाला न सांगितलेल्या नोकरीसाठी.

तेरावं झालं. गावाकडची माणसं पांगली. दोन दिवसांनी निकुंजभाई कॉम्प्युटर घेऊन स्वतःच आला. चपला बाहेर काढून हात जोडून उभा राहिला. त्याला बातमी कळायला वेळ लागला होता.

“सोमवारे सवारे काकानो फोन आव्यो हतो,” तो म्हणाला. “वधेला स्क्रू फेंकशो नहीं, एम कीधुं.” त्याने खिशातून उरलेल्या स्क्रूंची एक छोटी पुडी काढून टेबलावर ठेवली. आईने पाणी दिलं ते उभ्यानेच प्यायला आणि गेला.

आई त्या कोपऱ्यात बरेच दिवस आली नव्हती. आता खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. दुपारचे तीन वाजले होते. पलीकडच्या गल्लीतल्या लूम चालू होत्या.

“लाव,” ती म्हणाली. “त्यास्नी एवढं दखीसन लिधं, ते चालस का दख.”

मी बटण दाबलं. पंख्याचा आवाज फारसा आलाच नाही. पडदा उजळला. भाषा विचारली, देश विचारला, मी उत्तरं देत गेले. मग पडदा बदलला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. खाली नाव लिहायला रिकामी चौकट.

“काय इचारस ते?” आईने विचारलं.

“हाई यंत्र कोन वापरनार शे, आसं इचारी ऱ्हायनं.”

“मंग लिख ना तुनं नाव,” आई म्हणाली. “दुसरं कोन शे आठे?”

चौकटीतली उभी रेघ लुकलुकत होती. मी माझ्या नावाचा ‘ध’ लिहायला बोट उचललं आणि तसंच ठेवलं. आई माझ्याकडे नाही, पडद्याकडे पाहत होती. पदराने तिने मॉनिटरवरची, नसलेलीच, धूळ पुसली.

“आई,” मी म्हटलं, “माले बेंगलुरूले नोकरी लागेल शे. महिना व्हयना. आबाले सांगानं व्हतं, मी सांगं नई.”

तिचा हात थांबला.

“माले जानं शे,” मी म्हटलं.