रफूचक्करांचा धागा

मास्तर रफू करायचे. तुमच्या कोटाला ठिणगी उडून भोक पडलं, तर मास्तर ते असं भरून देत की घरी गेल्यावर तुम्हीच ते शोधत बसाल आणि सापडत नाही म्हणून चिडाल. पडदे, गालिचे, गणवेश, लोकरीच्या शाली, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. बाजारात त्यांचं नाव होतं. आणि त्या नावामागे एक गुपित होतं, जे तीस वर्षं फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. मास्तरांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे.

हसू नका. टाका मास्तरांचा आणि रंग बायकोचा, ही वाटणी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात झाली होती. गिऱ्हाइकाचा कपडा आला की ती तो मागच्या खिडकीपाशी न्यायची, चाळीस खणांच्या ड्रॉवरमधून एक रीळ उचलायची, मास्तरांपुढे ठेवायची आणि म्हणायची, "हे." बस्स. तीस वर्षांत दोघांचं बोलणं मुख्यतः एवढंच. कामाशिवाय गप्पा मारायच्या असतात हे मास्तरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग लेकीला जुळी झाली, आणि मास्तरांची बायको सहा महिन्यांसाठी समुद्रापलीकडे लेकीकडे गेली. जाण्यापूर्वी तिने चाळीस खणांना चाळीस चिठ्ठ्या लावल्या. विटकरी, डाळिंबी, शेवाळी, चिंचोकी, पोपटी, अशा. "ज्या खणातून काढाल त्याच खणात ठेवायचं," तिने बजावलं. "एक रीळ इकडचं तिकडे झालं तर संपलं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मास्तर म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, मास्तरांना ड्रॉवर पुसायची लहर आली. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. पण रिकामा वेळ माणसाला नको ती हुशारी शिकवतो. त्यांनी ड्रॉवर जरा जोरात ओढला, तो हातात आला, हातातून पायावर आला, आणि चाळीस रिळं दुकानभर गडगडत गेली. मास्तर एका पायावर नाचत असतानाच दारात ट्रम्पेटवाला उभा राहिला.

ट्रम्पेटवाला शहराच्या बँडमध्ये पहिल्या रांगेत बसायचा. त्याच्या डाळिंबी कोटाला नेमकं छातीवर कसरीने भोक पाडलं होतं, चांगलं घेवड्याच्या बीएवढं. "रविवारी कार्यक्रम आहे मास्तर," तो म्हणाला. "सगळ्यांची नजर माझ्यावरच असते." तसं काही नसतं, पण ट्रम्पेटवाल्यांना तसं वाटतं. मास्तरांनी कोट घेतला. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा निघाला असता तर प्रश्नच मिटला असता, पण पूर्वी कोणीतरी तो ओरबाडून नेलेला होता. म्हणजे डाळिंबी रीळ शोधणं आलं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

मास्तरांनी आपल्या बटणांच्या फोनवरून बायकोला फोन लावला. मागे दोन बाळं दोन वेगळ्या पट्ट्यांत रडत होती.

"अगं, डाळिंबी रंग साधारण कसा असतो?"

"ड्रॉवर पाडलात ना?"

"पडला."

"म्हणजे झालं कल्याण. आता फोनवर मी रंग कसा सांगू? वास घेऊन?" मग ती गंभीर झाली. "हे बघा, दुकानाचं नाव घालवायचं नाही. रविवारी तो कोट बिनचूक गेला तर मी इथे राहते. नाहीतर तिकीट बदलून सोमवारी निघते."

मागून लेकीचा आवाज आला, "आई, एक तरी धर गं!" त्या आवाजात नुसता थकवा होता. जावयाच्या रात्रपाळ्या, घरात दोन बाळं, आणि आपल्या एका ड्रॉवरपायी आजी परत येणार? शक्य नाही. "तू कुठेही येऊ नकोस," ते म्हणाले. "मी बघतो."

काय बघणार होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेजारी लॉन्ड्री होती. रिळं बायकोच्या नजरेस पडली तरच काम होणार होतं, पण तिथल्या इस्त्रीवालीला मास्तर एवढंच म्हणाले की नातवंडं पाहायचीत. गुपित सांगायची सोय नव्हती, कारण इस्त्रीवालीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कडक घडी होऊन घरोघर पोचायची.

"मग व्हिडिओवर बोला की!" ती म्हणाली. "स्वस्तातला स्मार्टफोन घ्या. फक्त माझ्यासारखा घेऊ नका. माझ्या फोनात अख्ख्या खानदानाला कावीळ झालेली दिसते." तिने काउंटरवरच्या संगणकावर एक चर्चेचं संकेतस्थळ उघडून दिलं. "इथे फोनमधली जाणकार माणसं असतात. दुपारी मी जेवायला जाते तेव्हा बसा."

मंगळवारी दुपारी मास्तर बसले. नाव विचारलं. 'रफू' लिहिलं, ते कोणीतरी आधीच घेतलेलं. 'रफूगर', तेही गेलेलं. वैतागून त्यांनी 'रफूचक्कर' लिहिलं आणि यंत्राने ते आनंदाने स्वीकारलं. मग कोणाच्या तरी जुन्या प्रश्नाखाली त्यांनी दोन बोटांनी टाईप केलं, "स्वस्त फोन पाहिजे. कॅमेऱ्यात रंग खरे दिसले पाहिजेत."

संकेतस्थळाच्या संपादकांचं उत्तर लगेच आलं. "कृपया इथे विचारू नये. नवीन धागा काढा."

मास्तर सुखावले. आपल्या धंद्यातली माणसं दिसतात! त्यांनी मनापासून लिहिलं, "नवीन धागा शक्यतो काढू नये. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून जुना धागा काढावा म्हणजे रंग जुळतो. घाईने ओढला तर तुटतो."

बुधवारी दुपारी येऊन बघतात तो काय, खाली बासष्ट माणसं हसून लोळत होती. कोणी म्हणालं, संपादकांना इतकं सभ्य उत्तर या जागेवर आजवर कोणी दिलं नव्हतं. संपादकांनी स्वतःच मास्तरांच्या नावाचा वेगळा धागा काढून दिला होता, आणि तेव्हा कुठे मास्तरांना उमगलं की इथे चर्चेलाच धागा म्हणतात. पण बाकीची भाषा कोण शिकवणार? एकाने लिहिलं होतं, "रुमाल टाकून ठेवतो." जागा धरून ठेवतो, सविस्तर नंतर लिहितो, असा त्याचा अर्थ. मास्तरांनी उत्तर दिलं, "टाकू नका. पण रुमालाला रफू परवडत नाही, नवीनच घ्या." दुसऱ्याने त्यांची फिरकी घेतली आणि शेवटी लिहिलं, "दिवे घ्या." म्हणजे गंमत समजा, रागावू नका. मास्तर म्हणाले, "दिव्याच्या उजेडात रंग फसवतो. खिडकीपाशी जावं." यावर एका बाईंनी लिहिलं की हे वाक्य त्यांनी आपल्या भिंतीवर लावलंय.

मास्तर एका दिवसात प्रसिद्ध झाले. फोनचं मात्र नाव नाही.

कारण जाणकार जाणकारीत गुंतले होते. 'बॅटरीबाबा' नावाचे गृहस्थ बॅटरीशिवाय दुसरं काही मानत नसत. 'शांतसागर' दर तासाला कोणावर तरी खवळत. "गेम खेळता का?" त्यांनी विचारलं. "पत्ते, कधीमधी," मास्तर. "रॅम किती हवी?" "ते काय असतं ते कळलं नाही. अस्तर असेल तर जाड बघून सांगा." इथे शांतसागर भडकले. हा डुप्लिकेट आयडी आहे, कुठल्यातरी कंपनीचा माणूस आहे, नावच रफूचक्कर, उद्या पसार होणार! मास्तरांना हे फार लागलं. "मी डुप्लिकेट नाही," त्यांनी लिहिलं. "तीस वर्षं याच दुकानात बसतो." मग डुप्लिकेट कोण यावर सव्वाशे प्रतिसादांची मारामारी झाली आणि धागा बॅटरीबाबांच्या साडूपर्यंत भरकटला. 'खडूस' नावाचा एकजण दिवसभरात एकच शब्द बोलला होता, "खिडकी." का, ते कोणी विचारलं नाही.

गुरुवार उजाडला. कोट खुंटीवर लटकत होता आणि त्यातलं भोक मास्तरांकडे बघत होतं. दुपारी ते संगणकासमोर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. मग जे तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी लिहिलं.

"मी रफूगर आहे. मला लाल-हिरवं कळत नाही. रंग बायको जुळवते, ती लेकीकडे गेली आहे, लेकीला जुळी आहेत. माझ्याकडून रिळं मिसळली. रविवारपर्यंत एक डाळिंबी कोट झाला नाही तर बायको परत येईल आणि लेक एकटी पडेल. फोनवर रिळं बायकोला दाखवायची आहेत. तिकडे पोचेपर्यंत डाळिंबीचा डाळिंबीच राहील असा कॅमेरा कोणाकडे असेल तर सांगा. दिवे नाहीत."

लिहून झाल्यावर त्यांना घाम फुटला. पुसून टाकायचं बटण शोधेपर्यंत इस्त्रीवाली जेवून परत आली, आणि ते तसंच टाकून मास्तर खरोखर रफूचक्कर झाले.

शुक्रवारी त्यांना संगणकाकडे जायची हिंमतच होईना. इस्त्रीवालीनेच हाक मारली, "अहो मास्तर, तुमच्या त्या जागेवर टोमॅटोंची दंगल चाललीय. या बघायला."

झालं होतं असं. खडूसने आयुष्यात पहिल्यांदा सलग चार ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येकाने पिकलेला टोमॅटो देठासकट खिडकीपाशी ठेवावा, फोटो काढावा, मग हातातला टोमॅटो आणि फोटोतला टोमॅटो शेजारी धरून खरं काय ते सांगावं. खोटं बोलणाऱ्याला रफूगराच्या लेकीची शपथ. आणि ती सगळी भांडकुदळ माणसं कामधंदे सोडून टोमॅटो आणायला धावली होती! पानंच्या पानं टोमॅटो. थाळीत टोमॅटो, हेल्मेटवर टोमॅटो, झोपलेल्या मांजरावर टोमॅटो. बॅटरीबाबांनी कबूल केलं की त्यांच्या फोनात टोमॅटो संत्र्यासारखा दिसतो, पण दोन दिवस दिसतो. शांतसागरांनी सगळ्यात महागडा फोन काढला आणि तासाभराने लिहिलं, "माझ्या फोनातला टोमॅटो नटूनथटून लग्नाला निघालाय. हातातला तसा नाही. रफूचक्कर, मी तुम्हाला डुप्लिकेट म्हणालो, माफ करा." शांतसागरांनी माफी मागितली, या विषयावर लगोलग वेगळा धागा निघाला.

एका फोटोत टोमॅटोच्या मागे इस्त्री दिसत होती. काउंटरही ओळखीचं होतं. मास्तरांनी हळूच मान वळवली.

"माझ्यात पिवळाच आला," इस्त्रीवाली घड्या घालत म्हणाली. "पण भाग घेतला. मला सांगायचंत की मास्तर. कोट घेऊन मीच आले असते, रीळ निवडून दिलं असतं. आणि कोणाला बोललेही नसते."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले, जरी ते त्यांना आत्ताच कळलं होतं. मग चष्मा पुसत, जमिनीकडे बघत पुढे म्हणाले, "पण मग फोन कशाला लागला असता?"

इस्त्रीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि हसून इस्त्रीकडे वळली.

सगळ्यांत खरा टोमॅटो निघाला खडूसच्या फोनात. दोन वर्षं जुनं, जाडजूड मॉडेल, ज्याला याच लोकांनी पूर्वी वीट म्हणून हिणवलं होतं. शनिवारी सकाळी दुकानदाराने ते मागच्या कपाटातून काढलं, धूळ झटकली आणि तीनदा विचारलं, "नक्की हाच?"

"हाच," मास्तर म्हणाले. "टोमॅटो बघूनच आलोय." दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

दुपारी इस्त्रीवालीने व्हिडिओ जुळवून दिला आणि शहाण्यासारखी निघून गेली. मास्तर मागच्या खिडकीपाशी उभे होते. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक बाळाचा पाय, मग बायको. केस विस्कटलेले, खांद्यावर लंगोट, डोळ्यांखाली जागरण. मास्तरांनी घाईघाईने कोट दाखवला आणि रीळ वर धरलं.

"नाही," बायको म्हणाली. दुसरं. "नाही." सातवं. "अहो, हे तर शेवाळी! हा कोट आहे का तळं?" अकरावं. ती पुढे झुकली. "उजेडात धरा. अजून थोडं." आणि मग म्हणाली, "हे."

त्या एका शब्दाने मास्तरांना इतका आनंद झाला की रीळ पुन्हा हातातून सुटता सुटता वाचलं.

रविवारी सकाळी ट्रम्पेटवाल्याने कोट उलटासुलटा करून भोक शोधलं, सापडलं नाही, आणि तो रीतसर चिडला. "होतं तरी कुठे?" मास्तरांनी संकेतस्थळावर आता तिथल्याच भाषेत लिहिलं, "धागा वर काढतो आहे. कोट गेला, बायको राहिली. सगळ्यांचे आभार. टोमॅटो वाया घालवू नका." दीडशे लोकांनी टाळ्या दिल्या. खडूस म्हणाला, "बरं."

सोमवारी बायकोने व्हिडिओवरून चाळीसच्या चाळीस रिळं ओळखून दिली आणि मास्तरांनी ती आपापल्या खणात ठेवली. विटकरी विटकरीत, डाळिंबी डाळिंबीत. दोन तास लागले. मध्ये बायकोने दोन्ही बाळं दाखवली, लेकीने जांभई दिली, जावई गोड हसला. संपल्यावर बायको म्हणाली, "चला, आता तुमचं काही अडायचं नाही." आणि पडदा काळा झाला.

मंगळवारी मास्तर ड्रॉवरसमोर उभे राहिले. सगळं जागच्या जागी. फोन करायला काही म्हणजे काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ड्रॉवर ओढला आणि सोडून दिला.

"अगं, ड्रॉवर पडला."

"पडला की पाडला?" मास्तर रिळं गोळा करू लागले. बायकोने मांडीवरचं बाळ सावरलं. "बरं. धरा पहिलं."

बुधवारीही पडला. गुरुवारीही. शुक्रवारी मात्र गिऱ्हाइकांची रांग लागली, कोणाचा पडदा, कोणाची शाल, आणि दुपार कधी टळली ते मास्तरांना कळलंच नाही. तेवढ्यात टेबलावर ती जाडजूड वीट वाजू लागली. पलीकडे बायको होती. या वेळी केस विंचरलेले होते.

"काय हो," ती म्हणाली, "आज पडला नाही का?"

"थांब," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ड्रॉवर ओढला.