आधी सासरे बसले

सासऱ्यांनी तीस वर्षं बस चालवली आणि एकाही गाडीला ओरखडा पडू दिला नाही, हे घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं. त्यामुळे सुनेने पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल आणली आणि "भिंगरीला मी यातून शाळेत नेणार" असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"खोक्यातून भाजी नेतात," ते म्हणाले. "माझी नात नाही."

भिंगरी चार वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. दोन बस बदलून तिला शाळेत सोडायचं, तर सुनेला कामावर वेळेत पोचता येत नसे. म्हणून सोडायला सासरे जात. लेकीचा हात धरून एकदा तरी आपण त्या दारापर्यंत जावं, यासाठी सुनेचा जीव तुटायचा. नवरा मात्र मूग गिळून बसला होता. बायको आणि वडील यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढा एकच नियम त्याने आयुष्यात कसोशीने पाळला होता.

सून कारखान्यात तंबू शिवायची. तिने पेटीतल्या बाकासाठी काढता-घालता येणारे पाच पट्टे शिवले: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, आणि पाचही एकाच बकलात. टाका तंबूचाच, चौकोन आणि आत फुली. वर लोखंडी नळीची कमान बसवली, पेटी उलटली तरी डोकं वाचावं म्हणून. हेल्मेट आलं, लांबून दिसेल असा उंच नारिंगी झेंडा आला. सासऱ्यांनी एकेका वस्तूला नाक मुरडलं.

"पट्टे काय, कुणीही शिवेल. ब्रेक लागल्यावर कळतं."

"मग बाबा, आधी तुम्हीच बसा," सून म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथून नेते, म्हणाल तिथे थांबवते. नाही पटलं तर सायकल परत करते."

नवऱ्याला अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

सासरे माघार घेणाऱ्यांतले नव्हते. सुनेने त्यांच्या मापाचे पट्टे शिवले, तेच कापड, तोच टाका, फक्त लांबी जास्त. पेटी शंभर किलो पेलणारी होती आणि सासरे अडुसष्ट किलोंचे. सोमवारी सकाळी, शाळेच्या तासभर आधी, ते गुडघे हनुवटीला लावून आत बसले. डोक्यावर हेल्मेट, मागे झेंडा. गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.

"उतारावरून घे," त्यांनी हुकूम सोडला.

खाली कुठेतरी ते अचानक "थांब" म्हणणार, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. तिची बोटं ब्रेकवरच होती. उतार संपता संपता कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार फाडकन उघडलं. तिने दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जरा घसरलं, सासऱ्यांचं अंग पुढे झेपावलं आणि पट्ट्यांनी त्यांना जागच्या जागी धरलं. दार वीतभर अंतरावर होतं. सासऱ्यांचं तोंड उघडं होतं, पण "थांब" काही बाहेर पडलं नव्हतं.

गाडीवाला उतरून सुनेवरच डाफरला, "बघून चालवता येत नाही?"

"साहेब, दार उघडण्याआधी मागे बघतात," पेटीतून साठ प्रवाशांना गप्प करणारा आवाज आला. "हिने ब्रेक दाबला म्हणून तुमचं दार शाबूत आहे. आणि पायही."

हेल्मेट घातलेल्या, पाच पट्ट्यांत बांधलेल्या त्या म्हाताऱ्याने त्याला चांगली दोन मिनिटं झापलं. बकल उघडून बाहेर यायची गरज त्यांना वाटली नाही. गाडीवाला माफी मागून मोकळा झाला.

मग सासऱ्यांनी खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "मला दार दिसलं, तोवर तू ब्रेक दाबून बसली होतीस."

सुनेला हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतका आनंद तिला झेपेना.

घरी पोचताच सासऱ्यांनी लांब पट्टे काढून छोटे लावले, भिंगरीला स्वतः उचलून बसवलं आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालून ताण पाहिला.

"आजोबा, तुम्ही नाही येणार?"

"मला काय काम तिथे? आई आहे ना." आणि ते पेपर वाचायला आत निघून गेले.

शाळेच्या दारात बाईंनी विचारलं, "आज आजोबा नाहीत?"

"ते घरी आहेत," भिंगरीचं बकल सोडवत सून म्हणाली. "मी हिची आई. आता रोज मीच येणार."