इस्त्री फिरवलेला समुद्र

उपग्रहाकडून आलेले समुद्राचे फोटो साफ करायचे, हे ताईचं काम. यंत्राच्या खोडीने फोटोंवर चौकडे उमटत. ते पुसायचे आणि स्वच्छ फोटो बंदराला पाठवायचा. ऑफिसात याला 'इस्त्री' म्हणत. वर्षानुवर्षं इस्त्री करून माणसाचं दुसरं काय होणार? डोळे फोटोवर, जीव घरच्या पलंगावर. त्या सकाळीही तिने बेटाजवळचे चौकडे पुसले, 'समुद्र शांत' म्हणून कळवलं आणि गार झालेला चहा तोंडाला लावला.

पुढचा फोटो आला. पुन्हा चौकडे. पण हे बेटाशी येऊन वाकले होते. यंत्राचे चौकडे कशाला वाकतील? ते सरळच्या सरळ जातात. वाकतात त्या लाटा. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना आडव्या गेल्या की पाण्यावर असे चौकोन पडतात. लांबून गोजिरवाणे दिसतात, पण आत शिरलं की नाव कुठून उलटेल याचा नेम नाही. ताईने बंदराला फोन लावला. बेटावर माणसं नेणारी लाँच तिचा सख्खा धाकटा भाऊ चालवायचा.

बंदरावरचा माणूस म्हणाला, लाँच आत्ताच सुटली. तिने भावालाच फोन लावला.

"मागे फीर."

"झालं तुझं सुरू," भाऊ म्हणाला. "मागे अशीच अडवलीस, आणि दिवसभर पाणी ढिम्म हललं नाही. आज तर तुझ्याच ऑफिसने शांत म्हणून कळवलंय."

ताईचं म्हणजे पडले तरी नाक वर. लहानपणी त्याच्या चष्म्यावर बसून तो मोडला, तर वर त्यालाच म्हणाली, खुर्चीवर ठेवतं का कुणी? आजही जिभेवर सबब तयार होती: यंत्र बिघडलंय. पण तेवढं खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"मी पुसलं ते. खऱ्या लाटा होत्या. माझं चुकलं."

पलीकडे इंजिनाची धडधड मंदावली.

"काय म्हणालीस?"

"चुकलं माझं."

"मंडळी, घट्ट धरून बसा, मागे वळतोय," तो उतारूंना म्हणाला. मग फोनवर, हळूच: "ताई, जन्मात हे तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणजे पाणी खरंच वाईट असणार."

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

लाँचचा दोर धक्क्याला बांधेपर्यंत त्याने ठेवला नाही. टेबलावर डोकं टेकून ताई ते इंजिन ऐकत राहिली.