ताईंच्या मापाचे धनुष्य

मित्रांनो, ताई गेल्याचे कळले त्या दिवशी मी भिंतीवरच्या लाकडी खाचेत बसवलेला होतो. मूठ वर खाचेत, दोन्ही टोकांना बांधलेली दोरी खाली ओढलेली आणि मी अर्धा वाकलेला. कारागीर एकटेच मला ओढून बघत होते. दवाखान्यात ताईंना दुपारनंतरच भेटायला सोडत, म्हणून सकाळचा वेळ ते माझ्याजवळ काढत. फोन वाजला. त्यांनी दोरी खालच्या खिळ्यात अडकवली आणि फोन घेतला. "हो" म्हणाले, परत एकदा "हो" म्हणाले, आणि दार उघडे टाकून बाहेर पडले.

धनुष्य असे ताणून ठेवायचे नसते. लाकडाला वाकायची सवय लागते. ही गोष्ट कारागिरांइतकी कुणाला माहीत असणार? पण त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तसाच राहिलो. ते परतले तेव्हा घरात माणसे जमली होती. कुणाशी न बोलता ते आधी माझ्याकडे आले, खिळ्यावरची दोरी सोडली आणि मगच स्टुलावर बसले. मी पहिल्याइतका सरळ झालो नाही. थोडा बाक राहिला, तो अजून आहे.

तर मित्रांनो, मी एक अर्धवट राहिलेले धनुष्य आहे. ज्या झाडापासून मी झालो त्याला यू म्हणतात. हे झाड थंड डोंगरात सावलीला वाढते आणि वाढायची त्याला मुळीच घाई नसते. माझे खोड वादळात पडले होते. कारागिरांनी पाचर ठोकून ते उभे चिरले, टोकांना मेण लावले आणि माळ्यावर ठेवून दिले. मेण नसते तर टोकांकडून मी भराभर वाळलो असतो आणि तडकलो असतो. माळ्यावर मी काही वर्षे पडून होतो. "ओलं लाकूड आणि ताजं भांडण, लगेच हात घालू नये," असे कारागीर म्हणत. त्यावर ताई म्हणत, "भांडणाला तर तुम्ही कधीच हात घालत नाही. मीच मिटवते."

ताई म्हणजे कारागिरांची बायको. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. मी त्यांच्यासाठीच होणार होतो. उभा जन्म कारागिरांनी दुसऱ्यांची धनुष्ये केली, आणि ती सगळी ताईंनी डोळ्याखालून घातली. पण त्यांच्या हाताच्या मापाचे, त्यांच्या खांद्याला झेपेल असे एकही घरात नव्हते. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, चपलासुद्धा माझ्या मापाच्या मिळतात. धनुष्यच तेवढं मिळत नाही."

कारागीर तसेच उठले आणि मला माळ्यावरून खाली काढले.

माझे लाकूड दोन रंगांचे आहे. सालीलगतचे पांढरट, आतले तांबूस. पांढरट बाजू धनुष्याची पाठ होते आणि ताण सोसते. तांबूस बाजू पोट होते आणि दाब सोसते. दोन्ही एकाच खोडात जन्मतात, म्हणून यूच्या धनुष्याला वेगळे काही चिकटवावे लागत नाही. कारागिरांनी पाठीवरची साल काढली आणि लाकडाचे एकच वर्ष, म्हणजे वाढीचे एकच कडे, धरून ते टोकापासून टोकापर्यंत गेले. मध्येच दुसऱ्या वर्षात पाते घुसले, तर पाठ तिथून फाटते. वरच्या बाजूला मला एक गाठ आहे. तिच्याभोवती त्यांनी मुद्दाम जास्त लाकूड ठेवले. गाठीवरून सरळ पाते फिरवणाऱ्याला ते "घाईगडबडे" म्हणत.

आकार आला की धनुष्याला वाकायला शिकवतात. मुठीच्या वर एक हात आणि खाली एक हात, दोन्ही सारखे वाकले पाहिजेत. जो ताठ राहील त्याचे पोट जरासे खरवडायचे, दोरी बरेचदा ओढायची आणि पुन्हा बघायचे. पुष्कळ कारागीर कप्पी लावून लांबून ओढतात. आमच्या कारागिरांना मात्र ताण स्वतःच्या मनगटाला कळायला हवा, म्हणून ते माझ्या शेजारीच उभे राहून ओढत. इतक्या जवळून माझा बाक दिसत नाही. तो ताई बघत. समोरच्या भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहत आणि म्हणत, "थांबा! खालचा हात रुसलाय." म्हणजे खालचा हात ताठ आहे. कधी म्हणत, "वरच्याचे फार लाड झालेत." म्हणजे तो गरजेपेक्षा जास्त वाकतो आहे. या शब्दांवर आमच्या घरात इतकी धनुष्ये झाली.

मग ताई आजारी पडल्या. दवाखान्यात जायच्या सकाळी पिशवी दाराशी भरून ठेवली होती. त्या कामाच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "एकदा ओढा बघू."

"अगं, गाडी येईल आता."

"येऊ दे की. ओढा."

कारागिरांनी ओढले. ताईंनी डोळे बारीक केले, जवळ येऊन कारागिरांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या खालच्या हाताच्या पोटावर दोन आडव्या रेघा मारल्या. "इथे रुसलाय. जरासंच काढा. आणि मी येईपर्यंत थांबा, नाहीतर उत्साहाच्या भरात काडेपेटीतली काडी कराल."

त्या परत आल्या नाहीत.

पुष्कळ दिवसांनी कारागिरांनी पाते हातात घेतले. ते रेघांपाशी आणले आणि थांबवले. मग रेघांच्या वर खरवडले आणि रेघांच्या खाली खरवडले. मधली जागा सोडून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यभर हे काम केलेला माणूस, त्याला यात काय चुकते आहे ते कळत नव्हते असे नाही. पण हात त्या रेघांवर जातच नव्हता. मी काय बोलणार? लाकूड मोडतानाच तेवढे बोलते.

एका दुपारी ताईंची धाकटी बहीण आली. ती कपडे शिवते. कारागिरांच्या जेवणाचा डबा तिने टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"भावोजी, हे अजून भिंतीलाच? मी एक कोट इतके दिवस ठेवला असता तर गिऱ्हाइकानं मलाच शिवून ठेवलं असतं."

"कोटाचं वेगळं."

"वेगळं कसलं? ओढा तुम्ही, मी बघते. ताईनं मला शिकवलंय. रुसणं आणि लाड."

कारागीर नको नको म्हणत उठले. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी दोरी ओढली.

"थांबा! भावोजी, पुढे ओढू नका. खालच्या हाताला गुडघे फुटलेत, दोन ठिकाणी." म्हणजे खालचा हात सगळा न वाकता दोनच जागी दुमडत होता.

ती जवळ आली. एक बोट रेघांच्या वर ठेवले, एक खाली. मग तिला मधल्या रेघा दिसल्या.

"ह्या ताईच्या?"

"हो."

"आणि तुम्ही यांना वळसा घालून खरवडताय?"

कारागिरांनी दोरी हळूहळू सैल सोडली.

"तिनं खूण केली ती काढायला की पुजायला?"

"कळतं गं मला."

"कळतं म्हणे! आणखी वीतभर ओढलं असतं तर मोडलं असतं. तिच्या मापाचं हे एवढं एकच. मग काय, तुकडा काचेत घालून लावणार होतात?"

कारागीर हसले. हसता हसता डोळे पुसले. मग नाकातोंडाला फडके बांधले, मला खाचेतून काढून गुडघ्यावर आडवे घेतले आणि पाते थेट रेघांवर ठेवले. तांबूस कात्रण निघाले, त्यावर पेन्सिलचा काळा डाग होता. दुसऱ्या कात्रणावर डाग फिका होता. तिसऱ्यावर नव्हता.

धाकटीने हलकेच विचारले, "हे ठेवू का डबीत?"

"नको. यूचा भुसा विषारी असतो. ओल्या फडक्यानं पुसून घे आणि हात धू."

त्यांनी पुन्हा ओढले, धाकटीने पुन्हा पाहिले. असे बराच वेळ चालले. शेवटी ती काहीच बोलली नाही, तेव्हा कारागिरांनी विचारले, "काय झालं?"

"काही नाही. दोघं सारखे वाकतायत."

मित्रांनो, तुमच्या घरी धनुष्य असले तर काम झाल्यावर त्याची दोरी उतरवा. त्याला ओलीत आणि उन्हात ठेवू नका. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, नुसत्या हिसक्यानेही आम्ही फुटतो. आणि कुणासाठी काही करायला घेतले असेल तर ते माळ्यावर फार दिवस ठेवू नका.

धाकटीचा हात ताईंपेक्षा लांब आहे. तिच्या मापाइतके ओढले तर मी मोडेन. तिच्यासाठी मला आणखी खरवडून लवचीक करायचे की ताईंच्याच मापाचे राहू द्यायचे, हे कारागिरांनी ठरवलेले नाही. मुठीला चामडे गुंडाळायचे आहे. दोरी अडकवायला टोकांना शिंगाच्या टोप्या बसवायच्या आहेत. माझ्यावरून अजून एकही बाण सुटलेला नाही.