बास्तेरिकाचा बिनलोखंडी कार्बन

आमच्या कोर्दोबाच्या विद्यापीठात डॉक्टर बास्तेरिकाइतका पोकळ माणूस दुसरा नव्हता. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर उभी हयात घालवली, म्हणून सांगते. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पेरॉक्साइडची अभिक्रिया आपल्या आपण घडवतात, धातूची गरजच नाही, या एका दाव्यावर स्वारी देशोदेशी मिरवून आली होती.

त्याची विद्यार्थिनी रोसिओ लुदुएन्या हिने त्या फुग्याला टाचणी लावली. नळ्या वाढवतात लोखंडाच्या कणांवर, आणि मागे उरलेलं ते लोखंडच सगळं काम करतं, असं तिने प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं. हा म्हणे, नळ्या आम्लाने धुतल्यात, लोखंड कुठलं? अहो, त्या कणांवर कार्बनचं कवच चढलेलं असतं, आम्ल आत पोचतच नाही. आमच्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, पण या दीडशहाण्याला कोण सांगणार! ते प्रकरण काढ नाहीतर सही विसर, असं त्याने तिला बजावलं. त्याच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नव्हता, आणि मुदत त्याच महिन्यात संपत होती.

तेवढ्यात परदेशी समिती प्रयोगशाळा बघायला येणार असं ठरलं. याची हौस दांडगी. त्याने मुद्दाम सर्वांत शुद्ध नळ्या मागवल्या, ज्यांत लोखंड जवळजवळ नव्हतंच, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. रोसिओने त्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज नेणाऱ्या कांडीवर, चढवून पेरॉक्साइडमध्ये बुडवल्या, पण समितीसमोर पडद्यावरचा विजेचा आलेख सपाट राहिला. पाहुणे आपापल्या हातातल्या माते चहाकडे बघत बसले.

"इलेक्ट्रोड नीट घासलं नसणार हिने," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

दुसरं आणते, एवढंच बोलून रोसिओ मागच्या खिडकीशी गेली. तिने गजाचा गंज खरवडला, थेंबभर अल्कोहोलात कालवला आणि साध्या ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर वाळवला. हे फक्त मी पाहिलं. या वेळी आलेख झकास वर चढला.

"बघा, ही आमच्या नळ्यांची करामत," बास्तेरिका फुलून म्हणाला.

"डॉक्टर, यावर नळ्या नाहीतच. साधं ग्रॅफाइट आहे, आणि त्या खिडकीचा गंज."

दुसरा कुणी असता तर लाजेने खाली बसला असता. हा समितीकडे वळला. "मी हिला केव्हापासून सांगतोय, लोखंड तपास म्हणून."

मला शिसारी आली. रोसिओने मात्र शांतपणे सहीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"मग ते प्रकरण तुम्हाला मान्यच आहे. करा सही."

समिती बघत होती, त्यामुळे सही करावीच लागली. पेन मागायलाही माझ्याकडेच वळला मेला.