भातानं झोप येते

हे लिहूच नये असं फार वाटत होतं. टाईप करायचो, खोडायचो. प्रशिकनं मला हे सांगितलं तेही तुटक तुटक, चहाच्या टपरीवर, मधेच उठून जात. शेवटी तोच म्हणाला, "लिही बे. नावं बदल फक्त." नावं बदलली आहेत. जिनं हे वाचू नये ती बाई मासिकं वाचत नाही, एवढ्याच भरवशावर लिहितोय.

तर त्या दिवशी रुचिता पेशंट झाली होती.

"वय?"

"सव्वीस."

"नाव?"

"प्रश्नात नाव कधी असते का बे? पुढं विचार."

भनपुरी पडते हिंदी मुलखात; तिथं विहारामागं एक खोली आहे. सकाळची वंदना झाली की ती दिवसभर रिकामीच. तिथं सतरंजी टाकून ही दोघं अभ्यासाला बसायची. दोघंही किर्गिझस्तानातून डॉक्टरी शिकून आलेली. तिकडची डिग्री इथं चालवायची तर इथली एक परीक्षा पास व्हावं लागतं, आणि ती काही यांना पावत नव्हती. किती वेळा बसलात, असं कोणी विचारलं की दोघंही हसायची, उत्तर द्यायची नाहीत. पास होईपर्यंत नावापुढं डॉक्टर लावता येत नाही, कोणाला साधी गोळी लिहून देता येत नाही. पण पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, सगळे त्यांना डॉक्टर म्हणूनच ओळखायला लागलेले. गल्लीच्या तोंडाशी शामराव अडवायचेच.

"डाक्टरसाहेब, लय गॅस होऊन राहिला. काही द्या ना."

"काका, मी अजून नाही देऊ शकत."

"हव, हव. मोठे लोक झाले तुम्ही."

प्रशिकनं मग मागच्या गल्लीतून यायला सुरुवात केली होती.

परीक्षेत नुसते प्रश्न आणि खाली चार पर्याय. म्हणून यांची रीत अशी, की एकानं पेशंट बनायचं, दुखणं सांगायचं, चार पर्याय द्यायचे. दुसऱ्यानं ओळखायचं. बरोबर आलं की एक फुटाणा. रुचिता पेशंट झाली की नुसती धमाल. पोट धरून, म्हाताऱ्याचा आवाज काढून तिथल्या बोलीत कण्हायची, "पेट पिराथे डाक्टर बाबू," आणि प्रशिक लोळायचा. तो होताही ओळखण्यात पक्का. प्रश्नातला एकही शब्द उगाच नसतो, हे त्याचं तत्त्व. हिरड्यांतून रक्त म्हटलं की क जीवनसत्त्व. मका खाणारा माणूस, उन्हानं सोललेली कातडी म्हटलं की पेलाग्रा. शब्द पकडायचा, उत्तर ठोकायचं, पुढं सरकायचं.

त्या आठवड्यात पोटाचे आजार आणि जीवनसत्त्वांची कमतरता, एवढंच घेतलं होतं. आणि त्या दिवशी रुचितानं आवाज काढला नव्हता. आपल्याच आवाजात सांगत होती. हे प्रशिकला नंतर आठवलं.

"थकवा आहे म्हणते. वजन उतरून राहिलं. जिभेची आग होते."

"रक्त कमी. पुढं?"

"संध्याकाळी दिसत नाही तिले. दिवेलागणीले गाडी चालवली का रस्ता पुसल्यासारखा वाटते."

"अ जीवनसत्त्व."

"कंबर दुखते. जिना चढताना मांड्या भरून येते."

"ड."

"जराकसं लागलं का निळं पडते."

"के!" प्रशिक गुडघ्यांवर उठून बसला. "थांब थांब. चरबीत विरघळणारे सगळेच गायब. म्हणजे खाते, पण अंगाले लागून नाही राहिलं. संडास कशी?"

"तेलकट. बस ना बे, सगळंच बोलू काय?"

"खाते काय ती?"

रुचितानं समोरच्या डब्याकडं पाहिलं. "पोळी. दोन्ही टाईम पोळी."

डबा तिच्या आईचा, कांताबाईंचा. त्यांच्या घरी दोन्ही वेळा भात शिजायचा, आसपास सगळ्यांकडंच शिजतो. पण पोरगी परीक्षेला बसली की कांताबाई तिचा भात बंद करायच्या. भातानं झोप येते, पोट्टी पुस्तकावर डुलते. म्हणून पहाटे उठून खास तिच्यापुरत्या पोळ्या, तूप लावून, घड्या घालून. रुचिताला भूक नसायची. डब्यातल्या पोळ्या प्रशिक खायचा; रात्रीच्या मात्र तिला आईसमोर खाव्याच लागायच्या. डबा रिकामा परत आला की कांताबाई खूश, दुसऱ्या दिवशी एक पोळी जास्त.

"सीलियाक!" प्रशिकनं सतरंजीवर हात आपटला. "गहू सोसत नाही तिले. आतड्याची लव झडून गेली. खाल्लेलं सगळं नुसतं आरपार. सांग, बरोबर का नाही?"

"बरोबर."

तिनं फुटाणा दिला नाही. सगळी पुडीच त्याच्याकडं सरकवली.

"मग तिनं आता काय करायचं?"

"ऑप्शन दे."

"ऑप्शन नाही आहेत."

"तर मग प्रश्नच चूक आहे. पुढचा घे."

"नाही, समज ना. तिची परीक्षा आली तोंडावर. तपासाले गेली तर आतड्याचा तुकडा काढन, भरती करन. परीक्षा गेली. मग बाप म्हणन, पुरे झालं आता, लग्न करून टाकू."

"रुची, प्रश्नात बाप नसते." प्रशिक पुस्तकाची पानं चाळत होता. "टाईम खाऊन राहिली तू. पुढचा."

पुढचा घेतला. त्याच्या पुढचाही घेतला. हल्ली ती उजेडातच निघून जायची, त्या दिवशी उशीर झाला. तिनं स्कूटी बाहेर काढली, मग परत दारात आली.

"चौकापर्यंत सोडून देतं का?"

"माझी मॉक टेस्ट आहे ना आता. लॉग इन करून बसलो. काहून, काय झालं?"

"काही नाही. जातो मी."

तो खिडकीकडं पाठ करून बसला. बाहेर स्कूटी दोनदा बंद पडून सुरू झाली, एवढं त्याला ऐकू आलं.

भनपुरीच्या रस्त्यावर ट्रक कडेला उभेच असतात. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. रोजचा रस्ता. ज्याला दिसतं तो वळून जातो.

मॉक टेस्ट संपते न संपते तोच कांताबाईंचा फोन आला. नुसतं रडणं. मधेच हिंदीत कोणीतरी बोललं आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

हाडांचे डॉक्टर तरुणच होते. एक्स-रे उजेडाकडं धरून बहुतेक स्वतःशीच बोलत होते, "स्पीड भी नहीं थी. इतने में फीमर कैसे टूट गया? हड्डी तो सत्तर साल की औरत जैसी दिख रही है."

"सीलियाक," प्रशिक म्हणाला.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "आप डॉक्टर हैं?"

घशापर्यंत आलेला शब्द त्यानं गिळला. "नहीं सर. दोस्त."

"तो आपको कैसे मालूम?"

"उसी ने बताया था."

एवढं बोलून तो बाहेर पडला आणि जिन्यात बसला. लोक त्याच्या अंगावरून चढत-उतरत होते. सगळं सांगितलं होतं तिनं. एक शब्द उगाच नव्हता. आणि तो एकेका शब्दाला अक्षरं लावत बसला होता, अ, ड, के. फुटाणे खात. तिच्या पोळ्या खात. संध्याकाळी दिसत नाही, असं सांगणाऱ्या पोरीला त्यानं संध्याकाळीच एकटीला लावून दिलं होतं. खिशातल्या मोबाईलवर मॉक टेस्टचा निकाल आलेला होता. मार्क चांगले होते. इतके चांगले पहिल्यांदाच. त्यानं मोबाईल पायरीवर उलटा ठेवला आणि तोंडात शर्टाची बाही कोंबली, कारण वर वॉर्डात आवाज गेला असता.

मांडीचं हाड ऑपरेशन करून जुळवलं. रक्त तपासलं, मग आतड्याचा तुकडा काढून तपासला. सीलियाकच होतं. गहू आयुष्यभरासाठी बंद, असं मोठ्या डॉक्टरांनी राउंडला येऊन रुचिताला सांगितलं, इंग्रजीत. ती नुसती "येस सर" म्हणाली. कांताबाई तेव्हा पायाशी उभ्या होत्या. त्यांना कळलं ते इतकंच, की डॉक्टर रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. प्रशिक स्टुलावर बसलेला. परीक्षा परवावर आली होती, आणि ती आता त्याच्या एकट्याचीच होती.

"खाय गं. गरम आहेत." कांताबाईंनी झाकण काढलं. तुपाचा वास सुटला. "भात नाही आणला. आधीच नुसती पडून आहे पोट्टी, अजून सुस्ती यीन."

रुचितानं डब्याकडं पाहिलं, मग प्रशिककडं.

"काकू," प्रशिक म्हणाला, "आता तिले भातच देत जा. पोळी नको. डॉक्टरांनी सांगितलं. भात, ज्वारीची भाकर चालते. गव्हाचं काहीच नाही."

"काहून रे बाबू?"

"पचत नाही तिले."

कांताबाई झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शिकलेल्या नव्हत्या, पण हिशेब कोणालाही लागला असता.

"मीच बंद केला होता ना भात," त्या हळूच म्हणाल्या. "परीक्षेच्या टायमाले. दर वेळी. मले वाटलं का झोप येते. त्याच्यानं तर नाही ना झालं हे? तू तर डाक्टर आहे, बाबू. खरं सांग."

रुचितानं उशीवरच मान हलवली. इतकीशी, फक्त प्रशिकला दिसेल एवढी.

"नाही काकू. ट्रकमुळं झालं."

"ट्रकमुळंच ना?"

"ट्रकमुळंच. त्याले मागं दिवा नव्हता."

"मुडदा बशिवला त्या ट्रकवाल्याचा," कांताबाई म्हणाल्या आणि एकदम मोकळा श्वास सोडला. "तुम्ही बोला. मी पाणी भरून आणतो." बाटली घेऊन गेल्या.

पंखा फिरत होता. पलीकडच्या कॉटवरची बाई झोपली होती. प्रशिकनं डबा ओढून मांडीवर घेतला. पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. रोज खायचा तीच पोळी. तोच घास चावत राहिला.

"कायले खाऊन राहिला जबरदस्तीनं?"

"डबा भरलेला गेला तर काकूंले वाईट वाटन."

ती हसली, आणि हसण्यानं पाय दुखला तशी डोळे मिटून पडून राहिली. मग म्हणाली, "ती उद्या परत विचारन, प्रशिक."

"विचारू दे."

"माहेरी गेली का मावश्याईंले विचारन. विहारात बायाईंले विचारन. फिरून फिरून तुलेच विचारन, तू डाक्टर झाला का तर अजूनच. जन्मभर विचारन ती."

प्रशिकनं दुसरी पोळी उचलली.

"जन्मभर ट्रकच सांगीन," तो म्हणाला.