सेउला आत्याच्या बैठका

सेउलाचं तोंड तिच्या डोक्यापेक्षा पुढे धावायचं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण त्या दिवशी तिनं कहरच केला.

घराण्याची मताईपदवी, म्हणजे घराण्याचं पुढारीपण, सेउलाला द्यायची, असं फिलेमूकाकांनी नुकतंच सांगितलं होतं. सगळं कुटुंब चटयांवर बसलेलं. चुलतबहीण पालेपानं नाक मुरडलं. "हिला चटईवरून उठवायला चार बायका लागतात. ही पुढाऱ्यांच्या सभेत काय बसणार?"

"पदवीच्या दिवशी कुणाचा हात धरून उठले," सेउला ताडकन म्हणाली, "तर पदवी तुझी!"

बोलली आणि जीभ चावली. कारण पालेपा खोटं बोलत नव्हती. मागच्या महिन्यात महिला समितीच्या सभेत सेउलाला खरोखरच चौघींनी मिळून उठवलं होतं, आणि हसून हसून त्या चौघींचीच वाट लागली होती. सत्तावन्न वर्षांची सेउला तेव्हापासून सभेला प्लास्टिकच्या खुर्चीवर, दाराबाहेर बसत होती. मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांकडे बाहेरून बघताना तिला रडू यायचं.

"ठरलं," फिलेमूकाका म्हणाले. पंचाऐंशी वर्षांच्या काकांनी ठरलं म्हटलं की ठरलं. हातात आठ आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सेउला भाचीच्या दारात हजर. मासिना वजनं उचलायची, बेटाबेटांवरून पदकं आणायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा सगळा लोखंडी संसार होता.

"ती कांब ठेव माझ्या खांद्यावर," सेउला बाह्या सारून म्हणाली.

"आत्या, कांबेला हात लावायचा नाही. आधी ह्या बाकावर बसायचं आणि उठायचं. बस्स."

"बाकावर बसायला मला शिकवणार तू? तुला कडेवर घेऊन फिरलेय मी!"

"मग आता माझं ऐक. पायांत खांद्यांएवढं अंतर. टाचा जमिनीला चिकटलेल्या. कुल्ले आधी मागे न्यायचे, मग खाली. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, आत पडू द्यायचे नाहीत. आणि पाठ सरळ, छाती वर."

सेउला बसली, उठली. पाच वेळा जमलं आणि तिला असा काही हुरूप आला की घरी जाऊन तिनं गुपचूप आणखी साठ बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्यांत असे गोळे आले की मोरीत बसायची सोय राहिली नाही. मासिना आली ती कंबरेवर हात ठेवूनच.

"किती मारल्यास?"

"थोड्याच."

"किती, आत्या?"

"साठ."

"दिवसाआड, आणि पाच-पाचच्या तीन खेपा. मधल्या दिवशी आराम. स्नायू दुखले तर चालेल, पण गुडघ्यात कळ आली की तिथंच थांबायचं. आणखी साठ मारल्यास तर मीच पालेपाच्या बाजूनं बसेन."

धमकी लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात बाक गेला, त्याच्या जागी ठेंगणं खोकं आलं. पाय ऐकायला लागले. पण पाठीपाशी घोडं पेंड खात होतं. खाली जाताना सेउलाची पाठ वाकायची, मान खाली पडायची, नजर जमिनीत. मासिना ओरडून थकली.

"छाती वर! अशी वाकलीस तर कंबर धरेल. पाठीत ताकद आहे, आत्या, तू वाकवतेस म्हणून ती वाकते!"

"मी कशाला वाकवू? आपोआप होतं!"

एके सकाळी फिलेमूकाका समुद्रावर अंघोळीला गेले होते. एरवी ते रोज शेडच्या कडेला, फणसासारखी फळं धरणाऱ्या जुन्या उलूच्या झाडाखाली चटई टाकून बसायचे. आज चटई रिकामी होती, आणि सेउलाची पाठ ताठ होती! पाच बैठका, पाचही सुरेख. मासिनानं टाळी वाजवली. तेवढ्यात काका ओल्या अंगानं परतले, चटईवर बसले, आणि सेउला सहाव्या बैठकीला पुन्हा कमान झाली.

मासिनानं कपाळावर हात मारला. "आत्या, तू आजोबांना वाकतेस!"

सेउला चमकली. खरंच की. बसलेल्या वडीलधाऱ्यासमोर ताठ उभं राहायचं नाही, कमरेत वाकून "तुलोऊ", म्हणजे माफ करा, म्हणत बाजूनं जायचं, हे तिच्या अंगात चालायला लागल्यापासून मुरलेलं. बसल्या माणसापुढे छाती काढून उभं राहायचं म्हणजे उद्धटपणा. हे सांगायला तिला कुणी लागत नव्हतं, आणि न सांगताच तिची पाठ ते पाळत होती.

"मग आजोबांकडे पाठ करून उभी राहा."

"काकांकडे पाठ? त्यापेक्षा पदवी पालेपाला देऊन टाक!"

काका इतका वेळ ऐकत होते. ओले केस विंचरायचे थांबून त्यांनी कंगवा खाली ठेवला. "पोरी, तुझ्या लग्नात तू नाचलीस, तेव्हा मी कुठे बसलो होतो?"

"समोर. पहिल्याच रांगेत."

"डोक्यावर तुईगा होता ना? तो शिंपल्या-पिसांचा भलामोठा मुकुट? गुडघे वाकवून नाचत होतीस. मान खाली घातलीस का?"

"घातली असती तर मुकुट पडला असता."

"पडला असता तर मीच पहिला ओरडलो असतो. मग आता कशाला मान पाडतेस? मुकुट आहे असं समज आणि बस खाली."

सेउलानं डोळे मिटले. चौतीस वर्षांपूर्वीचा तो भार डोक्यावर आला. हनुवटी आपोआप वर गेली, खांदे रुंद झाले, गुडघे वाकले. ती खाली गेली आणि मुकुट न हलवता वर आली.

"अगंबाई!" ती किंचाळली. "मासिना, बघितलंस? बघितलंस का तू?"

मासिना उड्या मारत होती. काका हसता हसता खोकायला लागले. त्या दिवशी सेउलाला इतका आनंद झाला की घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला तिनं बैठक करून दाखवली, पाववाल्यालासुद्धा.

सातव्या आठवड्यात खोकंही गेलं. चटईवरून मांडी सोडायची, एक पाऊल रोवायचं, दुसरं रोवायचं, मग टाचांवर भार देऊन वर, हे ती हात न टेकता करू लागली.

पदवीचा दिवस उजाडला. सेउला खांबाला पाठ लावून चटईवर बसली. भाषणं झाली, मुळ्या कुटून केलेला मानाचा आवा सगळ्यांनी प्यायला, पुन्हा भाषणं झाली. अडीच तास! पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. दारात पालेपा प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभी. तिच्या चेहऱ्यावर आत्ताच पदवी मिळाल्यासारखा आनंद होता. शेवटच्या भाषणात तिनं लुगड्याखाली पायांची बोटं हळूहळू हलवत ठेवली, मासिनानं शिकवल्याप्रमाणे.

उठायची वेळ आली. मासिनानं दाराबाहेरून स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं.

सेउलानं एक पाऊल रोवलं. दुसरं रोवलं. उजवीकडच्या म्हाताऱ्यानं सवयीनं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. श्वास घेतला, मान वर केली, आणि टाचांवर भार देत, सगळ्या गावच्या पुढाऱ्यांसमोर ताठ उभी राहिली.

बाहेरून बायकांची आरोळी उठली. पालेपाच्या हातून खुर्ची खाली पडली.

सेउलाला रडू फुटलं. तशीच ती उभी राहिली, क्षण दोन क्षण, अगदी मनसोक्त. मग समोरून काकांचा आवाज आला, "बास झाला तोरा. आता वाक, नाहीतर लोक म्हणतील, आम्ही तुला काही शिकवलं नाही."

"तुलोऊ," सेउला म्हणाली, आणि पदवी घेतल्यावर पहिल्यांदा, सवयीनं नाही तर ठरवून, वाकली.